बाबांची ट्रंक, मृगाआधी

मे संपत आला की गोव्यात अंगणाला उसंत नसते. सोलं, मिरच्या, सुकी मासळी, सगळं उन्हाला पडलेलं असतं. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, ही धांदल चालू असतानाच पोटमाळ्यावरून आणखी एक वस्तू खाली उतरवावी लागते. डोंगर, नद्या आणि आगगाड्या यांत अर्धं आयुष्य घालवून गेलेल्या बापाची लोखंडी ट्रंक.

अशी ट्रंक बऱ्याच घरांत असते. एक तर ती देव्हाऱ्यासारखी बंद राहते आणि आतलं सामान चार पावसाळ्यांत कुजतं, नाहीतर चवथीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जाते. सगळ्यांत वाईट म्हणजे घरातला एखादा उत्साही पोरगा ‘आजोबांचा दोर’ खांद्यावर टाकून ट्रेकला निघतो. बाबांची आठवण म्हणून काय जपायचं, काय वापरात ठेवायचं आणि काय आपल्याच हाताने निकामी करायचं, हे वस्तू हातात घेऊन ठरवावं लागतं. आमच्या बाबांच्या ट्रंकेत निघालं तेच साधारण त्या पिढीच्या कुठल्याही भटक्याच्या ट्रंकेत निघेल, म्हणून इथे लिहून ठेवतो.

उघडण्याआधी तोंडाला मास्क बांधा. चामडं आणि कॅनव्हास यांवरची बुरशी झाकण उघडताच उडते. प्रत्येक थर काढण्याआधी त्याचा फोटो घ्या, कारण कशाशेजारी काय ठेवलं होतं यावरूनही पुढे बरंच कळतं. एकाच पिशवीत बर्फाचे काटे आणि लोकरीचे मोजे असतील तर त्या बहुधा एकाच मोहिमेच्या वस्तू आहेत. सामान उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर पसरायचं. मिरच्यांच्या शेजारी जागा आहे म्हणून दोर तिथे टाकू नका, नायलॉनला ऊन खातं. खरं तर या कामाला जानेवारीची कोरडी हवा जास्त चांगली. पण पावसाळ्यात आपल्याकडे हवेतला ओलावा महिनोन्‌महिने ऐंशी टक्क्यांच्या वर असतो आणि बुरशीला सत्तरही पुरतात. म्हणून मृगाआधीची एक फेरी चुकवू नये.

दोरापासून सुरुवात करा, कारण जीव जाण्यासारखी चूक तिथेच होते. आधी तो कशाचा आहे ते ओळखा. तीन पेडांचा, पिळलेला असेल तर तो काथ्याचा, मनिलाचा किंवा जुन्या पद्धतीचा नायलॉनचा असू शकतो. टोकाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. नायलॉन वितळून त्याची गोळी होते, काथ्या आणि मनिला कागदासारखे जळून राख होतात. बाहेर विणलेलं कवच आणि आत पांढऱ्या दोऱ्यांचा गाभा असेल तर तो कर्नमँटल दोर. ही रचना १९५३ पासूनची, आणि आपल्याकडच्या गिर्यारोहकांच्या ट्रंकेत बहुधा हाच असतो, अकरा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा.

दोर कितीही नवा दिसो, वापरलेला असो वा नसो, बनवल्यापासून दहा वर्षांनी तो बाद. बनवणारेच ही मर्यादा सांगतात. वाळूचे कण कवचातून आत शिरतात आणि दोरावर भार आला की आतले तंतू कापत राहतात. बाहेरून काही दिसत नाही. आपल्या घरांत तर आणखी एक भानगड असते. इन्व्हर्टरची बॅटरी त्याच कोठीत ठेवलेली असते, आणि बॅटरीच्या ॲसिडची वाफसुद्धा नायलॉनला पुरते. दोर हातातून सरकवत नेऊन बोटांनी चाचपडला तर मऊ पडलेली, चपटी झालेली किंवा कडक गाठाळ जागा सापडते, पण तशी जागा सापडली नाही म्हणजे दोर चांगला, असं मात्र नाही. हार्नेस, म्हणजे कमरेला बांधायचा पट्टा, आणि पट्ट्यांच्या स्लिंग, म्हणजे शिवलेले फासे, यांनाही हाच नियम. तो दोर झोपाळ्याला, विहिरीवर, झाडावर चढायला, जिवाचा भरवसा ठेवावा अशा कशालाच नको.

म्हणून तो कापायचा. हे काम जड जातं, पण दुसऱ्या कुणाच्या हाती अख्खा दोर पडण्याचा धोका त्याहून मोठा आहे. सुरी तापवून कापा म्हणजे टोक वितळून बंद होतं, नाहीतर कवच मागे सरकून गाभा बाहेर येतो. दीड मीटरचा एक तुकडा ठेवा आणि त्याला आठाची गाठ मारा. बाबांच्या हाताची एखादी गाठ आधीच तशीच घट्ट बसलेली असेल तर ती सोडू नका, गाठीच्या दोन्ही बाजूंना हातभर दोर ठेवून तोच तुकडा जपा. बाकीचे पाच-पाच मीटरचे तुकडे गाडीवर सामान बांधायला चालतात. प्रत्येकाच्या टोकाला लाल टेप लावा.

कॅरॅबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या दाराच्या कड्या, ॲल्युमिनियमचे असतील तर खारी हवा त्यांना बिजागरीच्या पिनेपाशी धरते. पांढरी भुकटी दिसेल. कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण वाळवा, बिजागरीत पातळ तेलाचा थेंब सोडा आणि दार आपोआप खटकन बंद होतं का ते पाहा. अडखळत असेल तर तो फक्त किल्ल्या अडकवण्यापुरता. पोलादी पिटॉन, म्हणजे खडकात ठोकायचे खिळे, आणि ॲल्युमिनियमचे कॅरॅबिनर एका पिशवीत ठेवू नका, खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम आधी सडतं.

लाकडी दांड्याची बर्फाची कुऱ्हाड निघाली तर बाबा हिमालयात जाऊन आले होते हे सांगायला ती एकटी पुरे. सोबत उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या संस्थेचं बेसिक कोर्सचं प्रमाणपत्र असतंच कुठेतरी. दार्जिलिंगची संस्था १९५४ची, उत्तरकाशीची १९६५ची. कुऱ्हाडीचं पातं ग्राइंडरला लावायचं नाही, तापलं की त्याचं पाणी उतरतं. गंज बारीक सँडपेपरने, धार कानशीने. दांड्याला जवसाचं उकळलेलं तेल पातळसर लावून तासाभराने पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि हे नीट लक्षात ठेवा: जवसाच्या तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापून पेट घेतो. फडकं तारेवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच टाका. गोव्यातल्या मे महिन्यात याला फार वेळ लागत नाही.

आता स्टोव्ह. पितळी, पंपाचा, रॉकेलचा. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेल्या प्रायमसचाच हा वंश. ट्रंकेतली हीच एक वस्तू अशी आहे की नीट हात फिरवला तर पुन्हा पूर्वीसारखी चालते, म्हणून तिच्यावर एक दिवस खर्च करावा.

जुनं रॉकेल ओतून टाका. ते पिवळं आणि चिकट झालेलं असतं. थोडं ताजं रॉकेल घालून टाकी हलवा आणि फडक्यातून गाळून काढा, दोनदा. हिरवट कपऱ्या येणं थांबलं पाहिजे. मग टाकी रिकामी असताना सगळं घट्ट करून चार-पाच पंप मारा आणि ती बादलीत बुडवा. बुडबुडे डाग देऊन (सोल्डरने) केलेल्या जोडातून येत असतील तर तो स्टोव्ह फळीवर ठेवायचा, पेटवायचा नाही. झाकणाच्या वायसरमधून येत असतील तर नवा वायसर टाकून भागतं.

पंप मारताना दांडा सैल जातोय, हवा धरत नाही, हे दुखणं जवळजवळ प्रत्येक जुन्या स्टोव्हला असतं. दोष चामड्याच्या वायसरचा. तो वाळून आकसतो. दांडा काढा, वायसर रात्रभर तेलात भिजवा, सकाळी बोटाने त्याची कड बाहेर फाकवा आणि दांडा फिरवत फिरवत आत घाला. सरळ दाबला तर कड दुमडते आणि काम पुन्हा पहिल्यापासून. चामडं तडकलेलं असेल तर नवाच घ्या. पंप मारून सोडल्यावर दांडा आपोआप वर येत असेल, किंवा पंपाच्या नळीत रॉकेल चढत असेल, तर नळीच्या तळाचा व्हॉल्व्ह गेला आहे. तो काढायला लांब दांड्याची वेगळी किल्ली लागते. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात स्टोव्ह दुरुस्त करणारा कुणी जुना माणूस सापडला तर त्याच्याकडेच द्या. पक्कड घालून बघायचा मोह टाळा.

निपलला, म्हणजे बर्नरमधल्या रॉकेलच्या बारीक भोकाला, पिन मारताना योग्य मापाचीच पिन हवी. शिवणकामाची सुई घातली की भोक मोठं होतं आणि मग ज्योत कायमची पिवळी, भांडी काळी.

पेटवताना टाकी पाऊण भरायची, जास्त नाही, हवेला जागा लागते. हवेचा स्क्रू उघडा ठेवून बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट ओतून पेटवायचं. स्पिरिट विझत आलं की स्क्रू बंद, तीन-चार पंप. निळी घोंगावणारी ज्योत आली की झालं. हातभर उंच पिवळा भडका आला तर बर्नर पुरेसा तापलेला नाही, रॉकेलची वाफ न होता ते तसंच वर येतंय. लगेच स्क्रू उघडा, भडका बसेल. घाई करून स्पिरिट कमी घालणं हे याचं नेहमीचं कारण. रॉकेल आता सहज मिळत नाही म्हणून पेट्रोल किंवा थिनर घालणाऱ्यांना काय म्हणावं! तो बॉम्ब आहे. तंबूच्या आत किंवा बंद खोलीत स्टोव्ह लावू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्टोव्हसोबत पेट्रोमॅक्स असेल तर त्याच्या जुन्या मँटलमध्ये, म्हणजे उजेड देणाऱ्या जाळीत, बहुधा थोरियम असतं, किंचित किरणोत्सर्गी. त्याची पांढरी भुकटी फुंकू नका, ओल्या कागदाने टिपून पिशवी बंद करून टाका.

बुटांचं लवकर आटपतं. जाड फोमसारखा पॉलियुरेथेनचा तळवा असेल तर तो दमट हवेत नुसता पडून असला तरी विरतो. हाताला तुकडे लागतात. तळवा रबरी असेल आणि वरचं चामडं शाबूत असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून बुरशी पुसा, सावलीत वाळवा, मेण चोळा. हिरवे कॅनव्हासचे हंटर निघाले तर ते झिजलेल्या तळव्यासकट तसेच राहू द्या. तंबूचं आतलं अस्तर चिकट लागून त्याला आंबूस वास येत असेल तर त्याचा लेप गेला, धुऊन काही होत नाही. सुती कॅनव्हासचा तंबू मात्र वाचतो. नुसत्या पाण्याने ब्रश मारून कडक उन्हात वाळवायचा, डिटर्जंट नको. स्लीपिंग बॅग कधीही घट्ट गुंडाळून ठेवू नये, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी.

बाबा नदीवर जाणारे असतील तर लाइफ जॅकेटही निघेल, आणि ते पोरांना घालायचा मोह होतोच. आतला फोम दाबून पाहा. दाबल्यावर परत फुगत नसेल किंवा कुरकुरत असेल तर गेला. ५० न्यूटनचं जॅकेट साधारण पाच किलोचा भार तरंगता ठेवतं. व्यायामाचं पाच किलोचं लोखंडी वजन त्याला बांधून उथळ पाण्यात तासभर सोडा. पाण्यात लोखंडाचा भार साडेचार किलोच्याही आतच राहतो, म्हणजे ही परीक्षा सोपीच आहे. तरीही बुडालं तर विषय संपला. चिरा किंवा वीट बांधून केलेली परीक्षा खोटी, पाण्यात त्यांचं वजन निम्म्याच्या आसपास येतं. तरंगलं तरी शिवण ओढून बघा, उन्हाने धागा फोमच्या आधी कुजतो.

इथवर सामान झालं. पण ट्रंकेतला माणूस भेटतो तो कागदात आणि फिल्ममध्ये, आणि तिथेच लोक सगळ्यांत कमी वेळ देतात.

स्लाइडचा डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर ती फिल्म आतून विघटित होऊ लागली आहे. हे थांबवता येत नाही, फक्त मंद करता येतं, आणि शेजारच्या फिल्मनाही ते लागतं. अशा स्लाइड लगेच वेगळ्या करा आणि स्कॅनिंगला त्यांचा नंबर पहिला लावा. ३५ मिलिमीटरची स्लाइड ४००० डीपीआयवर स्कॅन केली की साधारण २१ मेगापिक्सेलचं चित्र मिळतं, याहून वर जाऊन फारसा फायदा नाही. भिंतीवर प्रोजेक्टरने पाडून मोबाइलने फोटो काढणं ही करमणूक झाली. डांबराच्या गोळ्या स्लाइडच्या डब्यात टाकू नका, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते. ओलावा शोषणारं सिलिका जेल टाका. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं.

खरी मेहनत तारखा लावण्यात आहे. भटके लोक डायरीत ‘रविवार, पहाटे ५, निघालो’ असं लिहितात आणि साल लिहीत नाहीत. तेव्हा पुरावे शोधावे लागतात. कोडॅक्रोम स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर अनेकदा धुलाईचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. पाकिटावर सहा आकडी पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. कदंबचं, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचं, तिकीट म्हणजे १९८० किंवा पुढचं. ‘गोवा, दमण आणि दीव’ असा शिक्का असलेला सरकारी कागद ३० मे १९८७ च्या आधीचा, त्या दिवशी गोवा वेगळं राज्य झालं. फोटोत मागे उभ्या मोटारसायकलची पाटी ‘जीडी’ने सुरू होते की ‘जीए’ने, यावरूनही ऐंशीचं दशक आणि त्यानंतरचा काळ वेगळा काढता येतो. पणजीहून म्हापशाकडे जाताना फेरीबोटीत थांबल्याची नोंद असेल तर ती मांडवीवर पूल व्हायच्या आधीची, म्हणजे १९७० पूर्वीची, किंवा ५ जुलै १९८६ ला तो कोसळल्यानंतरच्या वर्षांतली. दोन्हींत पंधरा वर्षांहून जास्त अंतर आहे, तेव्हा हस्ताक्षर आणि शाई सांगतील. मडगावहून थेट रत्नागिरीची रेल्वे असेल तर कोकण रेल्वे आली, आणि तिची पूर्ण वाहतूक जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली.

भरतीसुद्धा साक्ष देते. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, आणि भरतीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती साधारण मध्यान्हाच्या आसपास. म्हणून ‘दुपारी भरतीवर होडी घातली, कुंभारजुव्याच्या कालव्यातून गेलो’ असं वाक्य असेल तर ते अमावास्या-पौर्णिमेच्या जवळपासचं पान. वार लिहिलेला असेल तर जुनं पंचांग घेऊन बसा, दोन-तीन शक्यतांवर येता.

फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढून वळ उमटतात. जुन्या कागदी फोटोंवर मऊ पेन्सिल चालते, चकचकीत रंगीत फोटोंवर ती उमटत नाही, तेव्हा पाकिटावर लिहा. आणि हे फोटो घेऊन बाबांच्या सोबत्यांकडे जा, लवकर जा. ‘बाबा कसे होते’ असं विचारलं की सगळे ‘फार धाडसी’ म्हणतात आणि चहा पितात. ‘ही सॅक कुणाची’, ‘या फोटोत चौथा कोण’, ‘रॉकेल कुणी वाहिलं’ असं विचारा. मग मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून गप्प बसा.

नकाशे निघाले तर घडीवर फाटलेले असतील. त्यांना सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तो पिवळा पडून कागद खातो. सर्वे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या शीटवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. गोवा मुख्यतः ४८ई आणि ४८आय या शीटमालांत येतो. पेन्सिलीच्या खुणा असतील तर त्यांचा आधी सपाट फोटो घ्या. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे मोबाइलच्या जीपीएसमध्ये टाकले तर जागा सरकते, कारण पृथ्वीचा आकार धरण्याच्या दोघांच्या पद्धती वेगळ्या: जुने नकाशे एव्हरेस्ट मापनावर आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. आकड्यांपेक्षा ओढा, वळण, खिंड यांवरून जागा जुळवा. होकायंत्राची मात्र चिंता नको, गोव्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एखाद्या अंशाचाच फरक आहे.

बाबांच्या वाटेने जायचं मनात येणारच. पण डायरीतली वाट आज तशीच उरलेली नाही. कॅसलरॉकहून रुळांवरून, बोगद्यांतून दूधसागरला चालत जाणं त्या पिढीला नेहमीचं होतं. आज तो रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि वळणावर बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते ही गोष्ट तेव्हाही खरी होती. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं १९९९ मध्ये जाहीर झाली. त्याआधी जिथे शेकोटी करून मुक्काम झाले ती सत्तरी-सांग्याची रानं आता परवानगीशिवाय बंद आहेत. सत्तरीच्या जुन्या डायरीत गोचिडांचा उल्लेख असला तर चेष्टेचा असतो. २०१५ पासून तिथे गोचिडांच्या चाव्याने होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. काजूच्या हंगामात रानात जायचं तर लांब पँट मोज्यात खोचून, गोचिडांना दूर ठेवणारं डेपा तेल लावून, आणि परतल्यावर अंगभर तपासून कपडे गरम पाण्यात. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी बाबांच्या वेळी होत्या तशाच आजही आहेत, तेवढं बदललेलं नाही.

ट्रंक परत भरताना आतला गंज घासून, लाल ऑक्साइडचा हात मारून, आठवडाभर उघडी वाळवा. रंगाचा वास गेल्याशिवाय कागद आत नको. खाली धातूचं सामान, मेणकागदात. वर कॅनव्हास. कागद आणि फिल्म या ट्रंकेत परत जातच नाहीत, त्यांना हवाबंद डबा आणि घरातली सगळ्यांत कोरडी खोली. ट्रंक चिऱ्याच्या भिंतीपासून वीतभर लांब आणि दोन लाकडी पट्ट्यांवर, जमिनीवर नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा: काय आहे, काय वापरायचं नाही, काय कुणाकडे दिलं. तिच्याखाली पुढच्या उघडण्याची वेळ पेन्सिलीने लिहा. चवथ झाल्यावर, पाऊस ओसरला की पहिल्या कोरड्या आठवड्यात.